संध्याकाळच्या मैफिलीला चिपळूणहून रत्नागिरी: ट्रेन बरी की बस?

जानेवारी आला की रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारातल्या संगीत महोत्सवाचे वेध लागतात आणि ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही त्यांचा दरवर्षी तोच प्रश्न, जायचं कसं. मी आईला घेऊन दोन्हीने गेलेय, ट्रेननेही आणि बसनेही, त्यामुळे जे अनुभवलंय तेवढंच सांगते.

आधी ट्रेन. कागदावर तीच जिंकते. एक्सप्रेसला साधारण दीड तास, बसायला नीट जागा, धूळ नाही, आणि बाथरूमची सोय. शेवटची गोष्ट तरुण माणसाला क्षुल्लक वाटेल पण बरोबर शहात्तर वर्षांची आई असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

पण आमची संध्याकाळ गेली ती ट्रेनमध्येच. कार्यक्रम साडेसहाला, गाडी अडीचची, म्हणजे चारपर्यंत रत्नागिरीत, चहाबिहा घेऊन आरामात पुढची जागा धरू असा हिशोब. गाडी चिपळूणलाच आली चार वाजता. तरी म्हटलं पोचू. सावर्डा गेलं, आरवली गेलं, संगमेश्वर सुटलं आणि उक्षीला जी थांबली ती थांबलीच. समोरून एक एक्सप्रेस गेली, मग आमच्या मागून आलेली एक पुढे काढली, मग वाटलं आता सुटणार तर परत समोरून मालगाडी. आई खिडकीशी, मांडीवर शालीची घडी, थर्मासमधला चहा कधीच संपलेला. पलीकडे आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला, त्यावरचं ऊन बघता बघता पिवळं झालं, मग गेलंच. आई एवढंच म्हणाली, "मारवा गेला गो आपला."

जे गाणं ऐकत नाहीत त्यांना वाटेल तासभर उशीर झाला तर काय बिघडलं, पुढे तीन तास आहेच की. तसं नसतं. मारवा, पूरिया, श्री हे संधिप्रकाशाचे राग, दिवस मावळतानाचे, पहिला कलाकार बसतो तेव्हाच ते मिळाले तर मिळतात, नंतर रात्रीचे राग सुरू होतात आणि कितीही मोठा कलाकार असला तरी दहा वाजता तो तुमच्यासाठी मारवा काढत नाही. आम्ही राजवाड्याच्या गेटवर पोचलो तेव्हा आतून हातोडीची टकटक ऐकू आली, तबला परत लावत होते. म्हणजे पहिला राग संपला होता. आईने महिनाभर वाट बघितली होती त्या एका तासाची, मला अजून वाईट वाटतं.

हे असं का होतं तेही सांगते कारण निर्णय त्यावरच अवलंबून आहे. आपली कोकण रेल्वेची लाईन एकेरी आहे. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण आपल्या इकडे चिपळूण-रत्नागिरी एकच रूळ, उक्षीच्या पुढचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदासुद्धा एकेरीच. त्यामुळे एखादी गाडी वेळ चुकली की तिला प्रत्येक स्टेशनात बाजूला काढून वेळेवरच्या गाड्यांना रस्ता देतात, आणि ती आणखी मागे पडत जाते. म्हणून ट्रेनने जाणार असाल तर घरातून निघण्याआधी गाडी किती लेट आहे ते बघा, अर्धा तास दाखवत असेल तर तो रत्नागिरीपर्यंत तेवढाच राहील असं धरू नका. मला सगळ्यात जास्त राग आला तो कुणी काही सांगत नाही याचा. अजून दीड तास लागेल एवढं संगमेश्वरला कळलं असतं तरी आम्ही तिथेच उतरून हायवेला आलो असतो. उक्षीला उतरून कुठे जाणार?

शिवाय रत्नागिरी स्टेशन गावात नाही, कुवारबावला आहे, तिथून गावात यायला पाच-सहा किलोमीटर रिक्षा. गाडीतून सगळे एकदम उतरतात, म्हातारं माणूस बरोबर असलं की तुम्ही रिक्षाच्या रांगेत शेवटी.

आता बस. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, पण अडीच ते तीन तास धरा. चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं, आरवलीच्या पुढे डायव्हर्जन, खडी, धूळ, आणि त्या धक्क्यांनी आईचे गुडघे दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत होते. मध्ये संगमेश्वर स्टँडला गाडी थांबते तेवढीच काय ती सोय. हे सगळं खरं आहे आणि तरीही मैफिलीला जाताना मी बसच सांगेन. कारण बस अडकली तर हातात काहीतरी असतं, मागून दुसरी गाडी येते, वडाप म्हणजे शेअर जीप मिळते, अगदीच झालं तर हायवेवरून रत्नागिरीला वळतो त्या हातखंब्याला उतरून रिक्षा करता येते. आणि बस हातखंब्याहून गावात शिरताना मारुती मंदिरावरूनच जाते, कंडक्टरला आधी सांगून ठेवलं की तिथे उतरायचं, स्टँडपर्यंत जायची गरजच नाही. सावरकर नाट्यगृहात कार्यक्रम असेल तर तिथून चालतच जाल, राजवाड्याला जायचं तर रिक्षाने जवळ.

खर्चाचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा.

गुहागरवाल्यांनी चिपळूणला यायचं की नाही ते बघा, तवसाळ-जयगड फेरीबोटीने गणपतीपुळे, आरे-वारेवरून येणं मला जास्त आवडतं. फक्त रात्री परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारा. आणि पाच-सहा जण जमलात तर सरळ गाडी ठरवा, मग हे सगळं वाचायचीही गरज नाही.

परतीचं गणित मात्र उलटं आहे. मैफल संपायला साडेदहा-अकरा, त्या वेळी चिपळूणकडे बस मिळेल या भरवशावर राहू नका, आणि कुणी सांगेल हातखंब्याला जाऊन मुंबईची गाडी पकडा, तर आईवडिलांना घेऊन रात्री त्या तिठ्यावर उभं राहू नका. रात्री उशिरा मुंबईकडे जाणारी कोकणकन्या एक्सप्रेस आहे, रिझर्व्हेशन मिळालं तर उत्तम, पण ती साडेदहा-पावणेअकराच्या सुमाराला सुटते म्हणजे शेवटची भैरवी सोडून उठावं लागू शकतं, आणि चिपळूण स्टेशनही वालोपेला, गावाबाहेरच. आम्ही यंदा राहणार आहोत. दुपारी बाराच्या आत बसने निघायचं, मारुती मंदिराजवळ लॉजवर सामान टाकायचं, आईला तासभर आडवं व्हायला मिळेल, आणि सहाला राजवाड्यावर.

एक करा, ज्या रिक्षाने राजवाड्यावर जाल त्याचाच नंबर घेऊन ठेवा आणि रात्री येशील का ते तेव्हाच विचारा. अकरा वाजता गेटवर शंभर माणसं असतात आणि रिक्षा दोन.