पद्मिनीला डीआरएल: दिवे ठेवा, सोबतचा डबा काढा

भर उन्हात ट्रॉलीला ओव्हरटेक करायला बाहेर डोकावणाऱ्याला समोरून येणारी राखाडी पद्मिनी उशिराच दिसते. त्यामुळे सोलापुरात जुन्या फियाट-पद्मिनी राखणाऱ्यांना डीआरएल, म्हणजे दिवसाही चालू राहणारे पुढचे दिवे, हवेसे वाटतात, यात नवल नाही. सगळीकडे मिळतो तो बिनब्रँडचा युनिव्हर्सल किट: प्रत्येकी 6 वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या, ॲल्युमिनियमची बॉडी आणि एक कंट्रोल बॉक्स.

पट्ट्यांबद्दल तक्रार नाही. दोन्ही मिळून 1 अँपिअर घेतात, बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोला तेवढा भार जाणवत नाही. घोळ आहे तो कंट्रोल बॉक्सच्या डब्यात. तो थेट बॅटरीला जोडायचा असतो आणि व्होल्टेज 13 च्या आसपास चढलं की इंजिन चालू आहे असं समजतो. डायनामोऐवजी अल्टरनेटर असलेल्या गाडीत हे जमतं. डायनामो आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, चार्जच करत नाही, म्हणून सिग्नलला दिवे विझतात आणि रेस दिली की लागतात. समोरचा समजतो, इंडिकेटर बिघडलाय. शिवाय डबा गाडी उभी असतानाही करंट खातो. 10 मिलीअँपिअर धरले तरी महिन्याला 7 अँपिअर-तास गेले. महिनाभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला ते परवडत नाही.

त्याऐवजी 5 पिनी रिले (विजेने चालणारा स्विच) लावा, शंभर-दीडशेत येतो. इग्निशनवर लाइव्ह होणाऱ्या फ्यूजमधून, वाटेत 3 अँपिअरचा फ्यूज टाकून, वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला. 87ए वरून दोन्ही पट्ट्या. 86 ला पार्किंग लाइटची वायर, 85 बॉडीला. पार्किंग लावलं की डीआरएल आपोआप बंद. 87 मोकळी ठेवून टेप गुंडाळा. इग्निशन कॉइलच्या टर्मिनलवरून सप्लाय मात्र घेऊ नका, तिथल्या झटक्यांनी एलईडीचा ड्रायव्हर जातो.

जुन्या फ्यूज बॉक्सच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर असतो. तो पॉलिश पेपरने घासल्याशिवाय वायर लावली तर दिवे लुकलुकणार, आणि दोष किटला जाणार. अर्थिंगचंही तेच: रंग खरवडून चकाकता पत्रा दिसला पाहिजे, वर दातेरी वॉशर आणि थोडं व्हॅसलिन. त्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो; तिथे पट्टीची बॉडी आतून निगेटिव्हला जोडलेली असेल तर ती पत्र्याला टेकताच शॉर्ट.

जागेसाठी युरोपचा नियम धरा: जमिनीपासून किमान 250 मिमी, दोन पट्ट्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान 600 मिमी. ग्रिलवर नको, एप्रिल-मेच्या 40 च्या वरच्या पाऱ्यात रेडिएटरची हवा अडवून चालत नाही. बंपरच्या मूळ बोल्टवर 3 मिमी जाड धातूच्या पट्टीचा एल-ब्रॅकेट बसतो. वायरिंगवाल्याने बंपरवर ड्रिल टेकवलं तर तिथेच थांबवा. क्रोमला भोक पडलं की पहिल्या पावसाळ्यात कडेने गंज धरतो, आणि पुन्हा क्रोम करून घेणं या अख्ख्या किटपेक्षा महाग पडतं.