बंद ग्रामर स्कूलचं दप्तर आणि एप्सन व्ही६०० स्कॅनर

इंग्लंडमधली ग्रामर स्कूल म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडक मुलं घेणारी शाळा. १९६५ साली सर्व मुलांना एकाच प्रकारच्या शाळेत घ्या असं सांगणारं सरकारचं १०/६५ क्रमांकाचं परिपत्रक निघालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बहुतेक शाळा बंद झाल्या किंवा सर्वांसाठीच्या शाळांत मिसळल्या. इंग्लंडमध्ये आज १६३ उरल्यात, वेल्समध्ये एकही नाही. बंद झालेल्या शाळांचं दप्तर माजी विद्यार्थ्यांच्या घरी पडून आहे: मासिकांचे अंक, प्रगतिपुस्तकं, टोप्या, ब्लेझरचे बिल्ले, निगेटिव्ह आणि गुंडाळी करून ठेवलेला अख्ख्या शाळेचा लांब फोटो. शेवटच्या तुकड्यांतली मुलंही आता साठीला पोचलीत. त्यामुळे हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखं नाही. त्यासाठी एप्सन परफेक्शन व्ही६०० हा स्कॅनर कितपत उपयोगी आहे, ते पाहू.

आधी त्याची जमेची बाजू. यात सीसीडी सेन्सर आहे, म्हणजे आरसे आणि भिंगातून प्रतिमा टिपणारा. सपाट, हलक्या, स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस, म्हणजे काचेला लागून फिरणारा सेन्सर असतो. त्यात काचेपासून जरा वर उचललेली वस्तू लगेच धूसर दिसते. व्ही६०० मध्ये विणलेला बिल्ला, पदक किंवा बांधणीजवळची ओळ बऱ्यापैकी स्पष्ट येते. झाकणात फिल्मसाठी वेगळा दिवा असल्याने ३५ मिमीच्या पट्ट्या, स्लाइड आणि १२० फिल्म (जुन्या कॅमेऱ्यांतला रुंद रोल) हीही होतात. त्याच कामासाठी दुसरं यंत्र लागत नाही.

खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपतो ते) लिहिलंय, त्याला भुलू नका. फाइल फुगते, तपशील वाढत नाही. निगेटिव्हला ३२०० आणि छापील फोटोला ६०० पुरे. ए४ पान ६०० ला, २४ बिट रंगात, टिफ (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार) म्हणून ठेवलं तर सुमारे १०० एमबीची फाइल होते. हजार पानांचा हिशेब आधीच करून डिस्क घ्या. मूळ प्रत टिफ ठेवावी आणि वाटायला जेपीजी काढावी. जेपीजी हीच मूळ प्रत धरली, तर दुरुस्ती करून पुन्हा साठवताना दरवेळी ती थोडी बिघडते.

धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी 'डिजिटल आइस' ही सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंदच ठेवा. ती अवरक्त प्रकाशाने धूळ ओळखते, आणि चांदीची प्रतिमा तो प्रकाश अडवते. मग चेहऱ्यालाच धूळ समजून ती पुसायला जाते. शाळेच्या डार्करूममधला माल बहुतेक कृष्णधवलच असतो, म्हणजे या सोयीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. सहलींच्या स्लाइड कोडाक्रोमच्या (कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म) असतील तर तिथेही तिचा भरवसा नाही. हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश वापरा.

मासिकांतले फोटो ठिपक्यांनी छापलेले असतात. ते तसेच स्कॅन केले की लाटांची जाळी उमटते. त्या पानांपुरतं सॉफ्टवेअरमधलं डीस्क्रीनिंग, म्हणजे ही जाळी पुसणारी सोय, चालू करा. मजकुराच्या पानांवर नको, अक्षरं मऊ पडतात. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. मागची टोकं बोथट पातीने सरळ करून पिन वर उचला.

खरी परीक्षा लांब फोटोची. आपल्याकडे ग्रुप फोटोत जेमतेम एक वर्ग मावतो. इथे फिरत्या कॅमेऱ्याने काढलेल्या एकाच फोटोत चार-पाचशे मुलं रांगांनी बसलेली. वर्षानुवर्षं गुंडाळलेला हा फोटो कोरडाच उलगडला की जिलेटिनचा थर तडकतो, आणि तडा बरोबर चेहऱ्यांवरून जातो. झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक डब्यात तळाला ओला टिपकागद घाला, वर जाळी ठेवा आणि जाळीवर गुंडाळी. पाणी फोटोला लागता कामा नये. दर तासाला पाहा. काही तासांत कागद सैल पडतो. फार वेळ ठेवला तर जिलेटिन चिकट होतं आणि पुढे बुरशी येते. सैल झाला की प्रतिमेच्या बाजूला न चिकटणारं पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, दोन्ही बाहेरून कोरडा टिपकागद, वर पाट आणि वजन. काही दिवस हलवू नका. मागे शाईच्या सह्या असतील, हाताने रंगवलेला असेल किंवा पोपडे सुटत असतील तर हा उपाय घरी करू नये, जतनतज्ज्ञाकडे द्यावा.

व्ही६०० ची काच २१.६ बाय २९.७ सेंमी. बिजागरी मागच्या आखूड बाजूला असल्याने लांब फोटो त्या दिशेने सरकत नाही. आडवा घालावा लागतो, म्हणजे एका वेळी २१.६ सेंमीच मिळतात. ५ सेंमी दुबार घेत गेलं तर ९० सेंमीच्या फोटोला सहा स्कॅन. काचेभोवतीची कड वर असल्याने फोटो तिथे उचलला जातो आणि कडेची पट्टी धूसर येते. दुबार भाग ५ सेंमीहून कमी ठेवू नये तो याचसाठी. आपोआप उजेड ठरवणं बंद करा, नाहीतर प्रत्येक तुकड्याची छटा वेगळी येते. जोडताना फोटोशॉपमध्ये फक्त तुकडे सरकवणारा 'रीपोझिशन' पर्याय घ्या. बाकीचे पर्याय चित्र ताणतात आणि कडेची मुलं लांबट होतात. काम होतं, पण असे वीस फोटो असतील तर ए३ स्कॅनर भाड्याने आणणं शहाणपणाचं.

टोप्या आणि ब्लेझर स्कॅनरवर घालू नका, कॅमेऱ्याने टिपा. लोकरीला कसर लागली असेल तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. फोटोंना पॉलिएस्टरची पाकिटं. पीव्हीसीची अजिबात नकोत, त्यातून सुटणारी रसायनं फोटो खातात.

मोठ्या फोटोवरची नावं मात्र कोणताही स्कॅनर देत नाही. छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याला क्रमांक द्या, पुढच्या रांगेत डावीकडून सुरुवात करा, आणि ती प्रत ऐंशीच्या घरातल्या माजी विद्यार्थ्यांकडे सगळ्यात आधी न्या. नावं २बी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नाही. खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि कोणी सांगितलं त्याची आद्याक्षरं. तो ट्रेसिंग पेपर मूळ फोटोच्याच खोक्यात जाऊ द्या.