अँबॅसिडरला ब्रेक बूस्टर बसवताना ३८,२०० रुपयांना फसलो. व्हॅक्यूमचा पाइप कुठे जोडलाय ते आधी बघा

१९७२ ची अँबॅसिडर मार्क २. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, म्हणून व्हॅक्यूम सर्वो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) पेडलचा जोर वाढवणारा बूस्टरच, बसवायला दिला. गॅरेजने सांगितलेला हिशोब असा: 'नवीन' रिमोट सर्वो किट (पेडलपासून लांब, ब्रेकच्या पाइपच्या मधे बसणारा सर्वो) २८,५००, पाइप-फिटिंग ३,२००, मजुरी ६,५००. एकूण ३८,२०० रुपये. २०,००० आगाऊ यूपीआयने, १८,२०० डिलिव्हरीला रोख. पक्कं बिल नाही. जुन्या गाडीच्या कामाला पक्कं बिल किती जण देतात, ते तुम्हाला माहीत आहे.

किट नवीन नव्हतं. भंगारातल्या सर्वोला काळा रंग मारून बसवला होता. असली लबाडी आपण सगळेच ओळखून आहोत. मला जास्त लागलंय ते वेगळंच.

बॉनेट उघडल्यावर सर्वोची जाड नळी एका जोडाने बारीक करून एसयू कार्ब्युरेटरच्या बाजूच्या छोट्या निपलला लावलेली दिसत होती. ते निपल डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचं, म्हणजे स्पार्कची वेळ पुढे आणणाऱ्या भागाचं. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद असताना तिथे व्हॅक्यूम नसतो, आणि ब्रेक मारताना आपला पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेलाच असतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सर्वोला काहीच मिळत नाही. सर्वोची नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या पाइपला हवी. तिथे भोक पाडून, आटे कापून, जाड निपल बसवावं लागतं. या गाडीच्या बी-सिरीज इंजिनच्या मॅनिफोल्डवर हे काम अवघड नाही. गॅरेजवाल्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आणि मी ते डोळ्यांनी बघितलं. विचारलं, तर म्हणाला, "व्हॅक्यूम तो व्हॅक्यूम, कुठूनही घ्या." मी मान डोलावली. तिथेच गाडी थांबवायला हवी होती.

ट्रायलमध्ये कळलं नाही, कारण त्याने ट्रायलच तशी घेतली. मोकळा रस्ता, थोडा ॲक्सिलरेटर दिलेला, शेवटी एकच ब्रेक. थ्रॉटल थोडा उघडा असताना त्या निपलला व्हॅक्यूम मिळतो, नॉन-रिटर्न (एकाच दिशेच्या) व्हॉल्व्हमुळे तो सर्वोत साठतो आणि पहिला ब्रेक लोण्यासारखा लागतो. गर्दीत लागोपाठ तिसरा ब्रेक मारला की पेडल दगड. ही परीक्षा कुणीही फसेल अशीच रचलेली होती.

खरी परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झालं की पायाखाली धरून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पैसे देऊ नका. मला गाडी चालू करूनच हातात दिली होती, तेव्हा डिलिव्हरीला इंजिन बंद करायला लावा.

पुढे सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला, ब्रेक ऑइल कमी होत गेलं, पण गळती कुठेच दिसेना. रिमोट सर्वोमध्ये हायड्रॉलिक बाजूचं सील गेलं की ऑइल व्हॅक्यूमच्या डब्यात शिरतं आणि तिथून नळीवाटे इंजिनात जाऊन जळतं. बाहेर थेंबही दिसत नाही. मार्क २ ला ब्रेकचं सर्किट एकच आहे. ऑइल संपलं तर चारही चाकं गेली! पाइप कापले तिथे डबल फ्लेअर (पाइपचं तोंड दुहेरी दुमडून केलेला जोड) न करता फेरूलचे, म्हणजे रिंग आवळून केलेले जोड मारले होते. ब्रेकच्या दाबाला ते भरवशाचे नाहीत. सर्वोचं ऑइल बाहेर जाण्याचं तोंडही खाली, म्हणजे हवा अडकणार आणि कितीही वेळा काढली तरी पेडल स्पंजासारखंच राहणार. हे सगळं दुसरीकडे दुरुस्त करायला ११,७५० रुपये गेले.

'डिस्कसारखा ब्रेक लागेल' असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. सर्वो पायाचा जोर वाचवतो, तापलेल्या ड्रमची पकड वाढवत नाही.

तक्रारीचं सांगतो. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "हा दिवाणी मामला आहे." ब्रेक निकामी होऊन माणूस मेला असता तर तो फौजदारी झाला असता, हे मी बोललो, तर उत्तर "मग तेव्हा या." आरटीओत एका खिडकीने विचारलं, बदल नोंदवला का? दुसरीने सांगितलं, याची नोंद लागत नाही. तिसऱ्याने चॅसी नंबर तपासला. ब्रेककडे कुणी बघितलं नाही. ५० वर्षांवरच्या गाडीच्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये फी घेणाऱ्या यंत्रणेत ब्रेक लावून बघणारा एक माणूस मला भेटला नाही! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद झाली, मग बिल नंबर मागितला. बिल नाही म्हटल्यावर पुढे काही हललं नाही.

बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचा हिशोब पुरावा म्हणून मांडता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. रोख देऊ नका. माझ्या १८,२०० रुपयांचा कागदच नाही.

तो सर्वो गॅरेजवाला 'बदलून देतो' म्हणून परत मागत होता. दिलेला नाही. रंगाखालचा गंज, झिजलेलं सील, डब्यात साचलेलं ब्रेक ऑइल आणि फेरूल मारलेले पाइपचे तुकडे, सगळ्याचे फोटो काढून सील करून ठेवलंय. तुम्हीही काढलेला भाग त्याच्या हातात देऊ नका.