चौदा महिने इम्पोर्टेड गाडी, परभणीच्या उन्हात

गाडी तापली ती परळीहून अंबाजोगाईकडे चढताना, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी दीडला. आधी एसीची हवा कोमट झाली, मग भट्टीच्या तोंडासारखी गरम. पाठोपाठ टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मागच्या सीटवर ७४ वर्षांची आई, लातूरला डोळे दाखवायला निघालेली. डोक्यावर सनरूफची भलीमोठी काच, तिला जाळीदार कापडाचा पडदा, आणि मागच्या सीटला एसीचा एकही व्हेंट नाही. आईला लिंबाखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. पाऊण तास थांबून, रेडिएटर थंड झाल्यावरच टोपण उघडलं आणि शेजारच्या शेतातलं बोअरचं पाणी ओतलं. दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी ठरवलं की या गाडीबद्दल नीट लिहायचं.

मायलेज, डिकी, एअरबॅग हे तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं असतं. गाडी आरामदायी आहे, शंभरच्या वेगातही आत बोललेलं ऐकू येतं, समृद्धीवर जालना ते नागपूर जाऊन आलो तरी कंबर दुखली नाही. खेड्यातल्या गतिरोधकांना पोट घासतं. एवढं पुरे. मला लिहायचंय कंडेन्सरबद्दल, म्हणजे पुढच्या बंपरमागच्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीबद्दल, कारण चौदा महिन्यांत माझा पैसा, वेळ आणि झोप त्यानेच खाल्ली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे वापरलेली गाडी थेट परदेशातून आणणं जवळपास बंदच आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, वर जबर शुल्क. त्यामुळे आपल्या बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणजे नवी असताना पूर्ण बनून जहाजातून आलेली आणि आता कुणीतरी विकायला काढलेली. माझी २०१६ची, पुण्याच्या डीलरकडून ११ लाख ४० हजारांना घेतली. ५२ हजार किलोमीटर चाललेली. त्याच पैशात एक इनोव्हा मिळत होती, पण ती १ लाख ६० हजार चाललेली. माझा हिशेब असा, की अशा गाडीवर त्या काळी ६० ते १०० टक्के सीमाशुल्क होतं. ते पहिल्या मालकाने भरलं, मला ते फुकटात मिळतंय. हा हिशेब चुकला. पहिल्या मालकाने शुल्क गाडीवर भरलं होतं, मी ते प्रत्येक पार्टवर भरतोय.

लातूरहून कसंबसं परत आल्यावर गाडी छत्रपती संभाजीनगरला सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली. जॉबकार्डवर लिहिलं, ‘एसी कूलिंग नॉर्मल’. कधी तपासलं? सकाळी साडेआठला, सावलीत. मी म्हटलं, दुपारी दोनला माझ्यासमोर तपासा. तपासलं, तर व्हेंटमधून २१ अंशांची हवा. मग सूर बदलला. कंडेन्सर आणि फॅन दोन्ही बदला, ८६ हजार रुपये, पार्ट बाहेरून येणार, ४५ दिवस लागतील. मी तीनदा विचारलं, बंपर काढून आत बघितलं का? एकदाही सरळ उत्तर मिळालं नाही. नुसत्या तपासणीचे २,३६० रुपये घेतले. त्या पैशांचा मला आजही राग आहे.

परभणीत वसमत रोडला आमचे एक एसीचे मिस्त्री आहेत. त्यांनी एसीच्या गॅसचा दाब मोजणारा गेज लावला. गाडी उभी, एसी चालू. लाल गेजचा काटा साडेतीनशेच्या वर चढत गेला आणि खट्‌कन कॉम्प्रेसर सुटला. “हवा मिळत नाही याला. शेठ, बंपर काढू द्या,” म्हणाले.

बंपर निघाला आणि मी खाली बसूनच बघत राहिलो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत कापूस होता. जुनी गादी उसवल्यावर आतून जसा निघतो तसा, करडा, धुळीने दडपलेला. त्यात गाजरगवताचं बी, पाचोळा, पाखराचं एक पीस. मिस्त्रींनी कोपऱ्यातून नखाने उचलला आणि तो थर घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग सोलून हातात आला. माझं खताबियाण्याचं दुकान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उधारीच्या वसुलीला मानवत, सेलू, पाथरी रोजच्यासारखं होतं. त्या रस्त्यांवर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांच्या मागे मी तासन्‌तास गाडी चालवली होती.

एसी म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर टाकणं. ती टाकायची जागा म्हणजे हा कंडेन्सर. बाहेर ४३ अंश असताना उष्णता बाहेर जायची तर आतला गॅस ६० अंशांच्या आसपास तापलेला असावा लागतो आणि त्याचा दाब तसा चढतो. वाराच मिळाला नाही तर दाब वाढत जाऊन कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद होतो. कंडेन्सरच्या मागेच रेडिएटर, त्यामुळे इंजिनलाही वारा नाही. घाटात झालं ते हेच.

मिस्त्रींनी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं. जोरात मारलं तर पातळ पत्र्या वाकतात. मग रेडिएटर रिकामा केला. बोअरच्या पाण्यात किती क्षार असतात ते मी घरच्या गिझरच्या कॉइलवर पाहतोच, आणि घाटात तेच ओतलं होतं, म्हणून दोनदा धुऊन कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं भरलं. सगळे मिळून १,८०० रुपये. गेज २६०वर आला, व्हेंटला १२ अंश. ८६ हजारांऐवजी १,८००.

तेव्हा मला वाटलं, गाडीला उगीच दोष दिला. काळजी मीच घेतली नव्हती. हे लिखाण तिथेच थांबलं असतं.

पण माझा मेव्हणा शारजात आहे, बारा वर्षं. त्याला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, “दाजी, गाडी कुठल्या हवेसाठी बांधलेली आहे?” तिकडे जुनी गाडी घेणारा आधी ‘जीसीसी स्पेक’ आहे का ते विचारतो. आखातासाठी बनवलेल्या गाडीला मोठा रेडिएटर, ताकदवान एसी, धुळीचे फिल्टर असतात. अमेरिकेतून लिलावात घेतलेल्या, ठोकलेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन तिथे स्वस्तात विकल्या जातात. त्यांच्या स्पीडोमीटरवर मैल असतात. भाव कमी, पण जुलैत उभ्या गाडीत बसवत नाही, म्हणाला.

मी परत मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे इथेच बनलेली, तेवढ्याच इंजिनाची एक गाडी बंपर काढून उभी होती. तिला दोन फॅन, माझ्या गाडीला एक. तिच्या कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये टॉर्चचा उजेड आरपार जातो, माझ्या गाडीच्या इतक्या दाट की धूळ बसायलाच हवी. मग रेल्वे गेटवर दहा मिनिटं थांबून थर्मामीटर लावला. चालत्या गाडीत १२ होतं ते १८ झालं, आणि ही सगळं धुतलेली गाडी. म्हणजे कापूस मी साठू दिला हे खरं, पण माझी गाडी थंड हवेसाठी बांधलेली आहे हेही तेवढंच खरं.

चेसिस नंबर बघायला शिका, गाडी कुठली ते त्यावरून बहुतेक वेळा कळतं. पहिलं अक्षर ‘जे’ असेल तर जपान, ‘डब्ल्यू’ असेल तर जर्मनी, ‘एमए’ ते ‘एमई’ असेल तर भारत. मागच्या सीटवर वयस्कर माणूस बसणार असेल तर मागचे व्हेंट नसलेली गाडी घेऊ नका, कुणी कितीही सनरूफ दाखवू द्या. आणि गाडी बघायची ती एप्रिल-मेमध्ये, दुपारी, उभ्या गाडीत वीस मिनिटं एसी लावून. मी जुलैत, पुण्याच्या पावसात बघितली होती.

कंडेन्सरच्या पुढे आता बारीक जाळी बसवली आहे, दर पंधरा दिवसांनी काढून झटकतो. आई मात्र त्या गाडीत बसायला तयार नाही. गाडी विकायला काढली आहे, आणि येईल त्याला घाटातली सगळी हकीगत सांगतो.

गेल्या रविवारी जालन्याला एक इनोव्हा बघायला गेलो. छताला मागच्यांसाठी व्हेंट, पार्ट दुसऱ्या दिवशी मिळणारे, भाव परवडणारा. टॉर्च घेऊन जाळीतून कंडेन्सर बघितला, तो स्वच्छ होता. रेडिएटरचं टोपण उघडलं तर आत कडेने पांढरा थर. “यात पाणी कुठलं घालता?” विचारलं. मालकांनी अंगणातल्या बोअरकडे बोट दाखवलं. चहा घेतला आणि तसाच परत आलो.