पाच दिवसांचे गणित-विज्ञान प्रशिक्षण आणि त्यानंतरच्या दोन भेटी

सातारा जिल्ह्यातील गणित-विज्ञान शिक्षकांसाठी शासकीय निधीतून झालेल्या एका प्रशिक्षणाला मी गेल्या वर्षी उपस्थित होतो. त्याची जबाबदारी जिल्ह्यातीलच एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र व गणित विभागांकडे होती, आणि प्रशिक्षण संपल्यावर तेथील प्राध्यापकांनी आमच्या शाळांना तीन भेटी द्याव्यात, असे ठरले होते. पुढच्या यादीत ज्यांचे नाव येईल त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

उच्च शिक्षण संस्थांनी शाळांना हात द्यावा, हा विचार आपल्याकडे राष्ट्रीय आविष्कार अभियानातून देशपातळीवर आला. ९ जुलै २०१५ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला, आणि त्याच महिन्यात ते आपल्यातून गेले. आमचे प्रशिक्षण त्याच धर्तीचे होते.

पहिला दिवस मी विसरणार नाही. अपूर्णांकाने भागताना भाजक उलटा करून गुणायचे, हे आम्ही सर्व जण वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. परंतु तो का उलटायचा, असे गणिताच्या मॅडमनी विचारले तेव्हा खोलीत कोणीच बोलेना. त्यांनी कागदाच्या तीन भाकरी कापायला लावल्या आणि त्यांचे चतकोर मोजायला सांगितले. एका भाकरीचे चार, तिन्हींचे बारा. म्हणजे तीनला पावाने भागणे आणि चाराने गुणणे एकच. एवढे सोपे होते. मग दीड भाकरीत पाऊण भाकरीचे वाटे किती, असा प्रश्न आला. एका भाकरीत पाऊण भाकरीचा एक पूर्ण वाटा निघतो आणि उरलेला चतकोर हा त्या वाट्याचा तिसरा हिस्सा असतो, हे हातातल्या कागदावर दिसले, तेव्हा त्या उलटलेल्या चार-तृतीयांशाचा अर्थ मला प्रथमच कळला. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केली होती. आपल्या भाषेत अपूर्णांकांना इतकी घरगुती नावे असताना आम्ही ती वर्गाबाहेर ठेवली, याची खंत वाटते.

तिसऱ्या दिवशी गवंड्याचा ओळंबा दोलक म्हणून टांगला. दोरी एक मीटर असताना त्याच्या एका दोलनाला सुमारे दोन सेकंद लागले, पाव मीटर केल्यावर सुमारे एक. लांबी चौथाई होऊनही वेळ निम्माच का झाला, या प्रश्नातून वर्गमूळ आपोआप पुढे आले, आणि गणिताचे व विज्ञानाचे शिक्षक एकाच फळ्यासमोर उभे राहून वाद घालू लागले.

चौथा दिवस मात्र पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्यात गेला. साहित्याची पेटीही प्रशिक्षण संपल्यानंतर शाळेत पोहोचली, त्यामुळे ती कशी वापरायची हे कोणी दाखवले नाही.

तरीही या उपक्रमाला मी चांगलाच म्हणेन, आणि त्याचे कारण शाळाभेट आहे. भौतिकशास्त्राचे सर माझ्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. धाराविद्युतचा पाठ चालू होता आणि मुलांची उदाहरणे बरोबर येत होती. तास संपताना त्यांनी माझ्या परवानगीने एकच प्रश्न विचारला: बल्बच्या अलीकडे जेवढी धारा आहे, तेवढीच पलीकडे असेल का? बहुतेक मुलांनी पलीकडे कमी असेल असे सांगितले, कारण बल्ब पेटताना धारा खर्च होते अशी त्यांची समजूत होती. बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर जोडल्यावर आकडा सारखाच आला. ऊर्जेचे रूपांतर होते, धारा मात्र तेवढीच राहते, हे मी पूर्वीही सांगितले होते. पण मोजण्यापूर्वी मुलांचा अंदाज मी कधीच विचारला नव्हता. दुसऱ्या भेटीत सरांनी तीच पद्धत मला राबवताना पाहिले आणि अंदाज सांगितल्यावर मुलांकडून कारणही लिहून घ्यावे, असे सुचवले. तिसरी भेट मार्चअखेर जवळ आल्याने झाली नाही, कारण प्रवासखर्चाची तरतूद संपली होती.

ही कपात चुकीच्या जागी झाली असे माझे स्पष्ट मत आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम २००२ पर्यंत चालला; त्यात विद्यापीठांतील शास्त्रज्ञ शिक्षकांसोबत बसत, आणि मासिक बैठका व शाळाभेटी हा त्याचा कणा होता. निधी कमीच असेल तर प्रशिक्षणाचे दिवस तीन करावेत, पडद्याचा दिवस वगळावा, पण भेटी तोडू नयेत.

ज्यांची निवड होईल त्यांनी पहिल्या भेटीची तारीख प्रशिक्षणातच ठरवून घ्यावी, आणि आपल्याला शिकवायला जो घटक सर्वांत अवघड जातो, त्याचीच तासिका त्या दिवशी ठेवावी.