ओतीव की घडीव? आयर्नचा सेट घेण्याआधी

कोल्हापुरात गोल्फच्या आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या काठ्यांच्या (क्लबच्या), सेटचा विषय काढा, पहिला सल्ला फाउंड्रीवाल्याकडूनच येणार. शिरोली एमआयडीसीतला माझा मित्र म्हणाला, "ओतीव कशाला घेतोस? ठिसूळ असतंय ते. घडीवच घे की." त्याच्या डोळ्यासमोर ग्रे आयर्नचं, म्हणजे बीडाचं, कास्टिंग होतं. क्लबचं डोकं त्या जातीचं नसतं. ओतीव डोकी बहुतेक १७-४ जातीच्या स्टेनलेसची, मेणाचा नमुना वितळवून केलेल्या साच्यात ओतलेली. घडीव म्हणजे ठोकून आकार दिलेलं, १०२५ जातीसारखं कमी कार्बनचं मऊ पोलाद, वर क्रोमचा मुलामा. दोघांत कठीण आणि मजबूतही ओतीवच. तेव्हा तुटण्याची चिंता बाजूला ठेवा.

फरक पडतो तो आकारानं. ओतकामात पाठीमागे पोकळी सोडून वजन कडेला नेणं सोपं जातं, म्हणून बॉल डोक्याच्या टोकाला लागला तरी डोकं हातात कमी फिरतं. पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांनी ही कल्पना रुजवली आणि १९८२ सालच्या आय-टू आयर्ननी ती हौशी खेळाडूंच्या बॅगेत पोचवली. घडीव ब्लेडचं, म्हणजे पोकळी नसलेल्या पातळ डोक्याचं, वजन मधोमध. बॉल बरोबर मध्यावर बसला तर हाताला जे सुख लागतं ते ओतीवमध्ये नाही, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. (पोकळीवाले घडीव सेटही मिळतात. खिसा परवानगी देत असेल तर तोही विचार करा.)

पण माझा निर्णय मधल्या ठिपक्यानं केला नाही, तळानं केला. एका स्नेह्यांचा घडीव ब्लेडचा सेट मी पावसाळाभर वापरला. आपल्याकडची काळी माती जुलैत कशी होते ते सांगायला नको. ब्लेडचा तळ अरुंद, पुढची कड धारदार. बॉलच्या अंगठाभर आधी क्लब टेकला की तो नांगराच्या फाळासारखा आतच जायचा. बॉल चार पावलांवर, डिव्हट, म्हणजे उखडलेलं गवत-मातीचं ढेकूळ, त्याच्याही पुढे. मग काडी घेऊन क्लबच्या तोंडावरच्या खाचांतली माती काढत बसायचं आणि पुढच्या शॉटला पुन्हा तेच. माझा स्विंग सदोष आहेच, पण हौशी माणसाचा असणारच. रुंद तळाचा ओतीव क्लब त्याच चुकीला जमिनीवरून सरकतो. बॉल थोडा कमी जातो, पण जातो. मनगटही शाबूत राहतं.

दुकानात हे कळत नाही, कारण तिथे नकली गवताची मॅट असते. मॅटवर क्लब आधी टेकला तरी उसळून बॉलला लागतो आणि ब्लेडही गुणी वाटतं. घ्यायच्या आधी कुणाचा तरी सेट मागून गवतावर मारून बघा, जमल्यास ओल्या गवतावर.

घडीवच्या बाजूनं दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मऊ पोलाद असल्यानं लायचा, म्हणजे दांडा आणि जमीन यांच्यामधला, कोन वाकवून आपल्या उंचीला जुळवता येतो. १७-४ वाकवायला हट्टी. दुसरं, ओतीव सेटमध्ये ऑफसेट, म्हणजे क्लबची पुढची कड दांड्यापेक्षा मागे असणं, जास्त असतो. ज्यांचा बॉल उजवीकडे पळतो त्यांना तो उपकारक, पण मुळातच डावीकडे हुक मारणाऱ्याला तो आणखी छळेल. तुम्ही बॉल आधी आणि माती नंतर घेत असाल, तर माझं ऐकू नका, ब्लेड घ्या.

शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, फार बोलत नाही. कोपर कुरकुरत असेल तर ग्रॅफाइट, नाहीतर हलकं स्टील. नियमानं चौदा क्लब चालतात, पण तेवढे घ्यायची गरज नाही. तीन-चार नंबरच्या आयर्नऐवजी एक हायब्रिड (लांब मारायचा, मारायला सोपा क्लब) घ्या, सहापासून वेजपर्यंत (जवळच्या उंच शॉटचा क्लब) आयर्न आणि बॉल भोकात ढकलायला एक पटर. येरवड्याच्या कोर्सवर जाऊन खेळायलाही एवढं पुरतं.

सेकंड हँड घेणार असाल तर माझं मत आणखी थोडं ओतीवकडे झुकतं. घडीव सेटच्या तळाचं क्रोम झिजलं असेल तर आपल्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो, बॅग ओली ठेवली की लवकरच. तरीही घ्यायचाच असेल तर आधी वेज आणि नऊ नंबरची आयर्न उलटी करून बघा. सगळ्यात जास्त त्याच झिजलेल्या असतात.