लॅब्रॅडॉरची डीएनए टेस्ट: चार स्टार

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या व्हेटकडून मादीची मेटिंगआधी टेस्ट करून घेतली. गालाच्या आतून ब्रश फिरवायचा एवढंच, पण आमची बया ब्रशच चावायला बघत होती 😄 रिपोर्ट एकदम सुटसुटीत, पीआरए म्हणजे हळूहळू आंधळं करणारा आजार, त्याची ती कॅरियर निघाली, म्हणजे सदोष जीनची एकच प्रत तिच्यात आहे, तिला काही होणार नाही पण नरही कॅरियर असला तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका, म्हणून आता क्लियर, म्हणजे तो सदोष जीन नसलेला नरच बघणार. ओळखीचा ब्रीडर म्हणतो वंशावळीचे पेपर आहेत की, टेस्ट कशाला! पेपरवर जीन दिसतात होय? हिप डिस्प्लेसियाचं (कंबरेचा सांधा नीट न बसण्याचा आजार) मात्र यात कळत नाही, त्याला एक्सरेच लागतो, हे कंपनीनं आधीच ठळक सांगायचं ना. आणि जीन बदलून पिल्लं वगैरे काऊंटरवर विचारू नका, तसलं काही मिळत नाही. एक स्टार रिपोर्ट लटकवल्याबद्दल कट.